दुसरा भात

आठ खुर्च्यांच्या त्या दुकानात जेवायला माणसं समुद्र ओलांडून यायची. चार-चार महिने आधी नाव नोंदवायची, ठेवणीतले कपडे घालून दहा मिनिटं आधीच गल्लीत येऊन ताटकळायची. आणि त्याच दुकानात सव्वीस वर्षं भात करणारी बाई त्या आठांतल्या एकाही खुर्चीवर कधी बसली नव्हती. रोज पुसायला म्हणून हात लागायचा, तेवढाच काय तो संबंध.

तिला सगळे वहिनी म्हणत. मासळीबाजारातले, बर्फवाला, शेजारी चाव्या करून देणारा, झाडून सगळ्यांची ती वहिनी. कारण तिचा नवरा सगळ्यांचा उस्ताद होता. नावाने हाक मारणारं आता दोघांनाही कुणी उरलं नव्हतं.

दुकान म्हणजे काय, चष्म्याच्या दुकानाखालची एक लांबट खोली. बाहेर पाटी नाही. आत एका अखंड फळीचं काउंटर, अलीकडे आठ खुर्च्या, पलीकडे उस्ताद. त्याच्या पाठीमागे निळा पडदा आणि पडद्यामागे वहिनीचं राज्य: दोन शेगड्या, एक मोरी, भाताची रुंद लाकडी परात, आणि एवढीशी जागा की वळायचं तर आधी हातातलं भांडं खाली ठेवावं लागे. मेनूकार्ड वगैरे भानगड नाही. ठरलेले अठरा घास. कच्चा मासा, खाली मुठीहून लहान भाताचा गोळा, उस्ताद एकेक घास वळून समोर ठेवणार, पाहुण्याने तो लगेच तोंडात टाकायचा. फोटो काढत बसलं की उस्तादच्या कपाळावर आठी चढे.

उस्तादची ख्याती एका गोष्टीसाठी होती, आणि खोटं कशाला बोला, ती खरी होती. पाहुणा खुर्ची कुठल्या हाताने ओढतो, तेवढ्यावरून तो माणूस उजवा की डावा हे त्याला कळायचं. मग प्रत्येक घास तो त्या हाताला सोपा जाईल असा जरा तिरका ठेवायचा. उजव्याला एका बाजूला कललेला, डाव्याला दुसऱ्या. एकदा एक म्हातारा अकरा वर्षांनी परत आला, आणि न विचारता पहिलाच घास त्याच्या डाव्या हाताकडे कलवून समोर आला. म्हातारा ढसाढसा रडला. उस्ताद वर्षभर ती गोष्ट सांगत होता. "माणसाचा हात कळला की अर्धा माणूस कळला," असं म्हणायचा, आणि हनुवटी वर करायचा.

भाताचं कौतुक मात्र कुणी करत नसे. घासात निम्मा भातच असतो, पण भात उत्तम जमला की लोक म्हणतात, "वा, मासा काय ताजा आहे हो!" भात बिघडला तरच तो दिसतो. सव्वीस वर्षांत तो कधी दिसला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

शिजलेला भात गरम असतानाच परातीत उपसायचा, त्यावर मीठ-साखर घातलेलं व्हिनेगर शिंपडायचं, लाकडी उलथन्याने कापल्यासारखा मोकळा करायचा, वारा घालायचा. शितं मोडली नाही पाहिजेत आणि एकमेकांना सोडलीही नाही पाहिजेत. व्हिनेगर किती, याला माप नाही. तांदूळ जुना की नवा, हवा दमट की कोरडी, त्यावर सगळं. वहिनी बोटाचं टोक व्हिनेगरात बुडवायची आणि जिभेच्या डाव्या कडेला लावायची. क्षणभर डोळे मिटायची. मग मीठ, नाहीतर पाणी, नाहीतर काहीच नाही. मापाचा कप तिने घरात ठेवलाच नव्हता.

भात दोनदा व्हायचा. पहिल्या आठ घासांचा वेगळा, पुढच्या दहांचा वेगळा, कारण भात अंगाइतका कोमट असला तरच तो माशाला साथ देतो. आठवा घास वाढून झाला की उस्ताद सुरीच्या मुठीने फळीवर दोनदा टकटक करायचा. पडद्यामागे वहिनी दुसरा भात कालवायला घ्यायची. नवरा-बायकोत दिवसभरात होणारं बोलणं म्हणाल तर बहुतेक तेवढंच. भांडण नव्हतं हो. वेळ नव्हता. तो पाहुणे गेल्यावर जेवायचा, ती तो जेवून सुऱ्यांना धार लावायला बसला की मोरीपाशी उभ्याउभ्या चार घास पोटात ढकलायची. दोघांनी समोरासमोर बसून जेवण कधी केलं, हे आठवायला दोघांनाही डोकं खाजवावं लागलं असतं.

जिभेच्या त्याच डाव्या कडेला हिवाळ्यात एक फोड आला. व्हिनेगरने पोळलं असेल, असं म्हणून वहिनीने सोडून दिलं. मग वाटलं, दाढ घासत असेल. दाढ कानशीने घासून आणली, तरी फोड जाईना. व्हिनेगर लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं, पण चव कळायची, आणि चव कळतेय तोवर रडायचं काय, असं तिचं गणित. सहा महिने तिने तिथेच बोट लावलं. सहा महिने! उस्तादला सांगितलं असतं तर त्याने फरफटत नेलं असतं दवाखान्यात. पण सांगायला वेळ कुठे होता दोघांना.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. बोलताना तिच्याकडे बघत होता, नवऱ्याकडे नाही.

"निम्म्याहून जास्त जीभ काढावी लागेल," तो म्हणाला. "जेवण नळीने, थेट पोटात. काहीजण पुढे पातळ काहीतरी गिळायला शिकतात. चव मात्र राहणार नाही. मी खोटी आशा दाखवत नाही तुम्हाला."

"आणि बोलणं?" उस्तादने विचारलं.

"घरच्यांना कळेल इतपत. तेही झालं तर."

सोमवारी भरती, बुधवारी ऑपरेशन. तो दिवस शुक्रवारचा होता.

घरी परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, मला एकदा जेवायला घाला."

"म्हणजे? घरात काय उपाशी ठेवतो मी तुला?"

"तसं नाही. काउंटरवर. खुर्चीवर बसवून. पाहुण्यांना घालता तसं, पहिल्या घासापासून अठराव्यापर्यंत. इतकी वर्षं नुसता भात चाखला. वर मासा घालून तुमच्या हातचा घास कसा लागतो, मला माहीतच नाही."

त्या एका मागणीत बुधवार होता, नळी होती, सगळं होतं, आणि उस्तादला त्यातलं काहीच बघायचं नव्हतं. म्हणून तो हसला. "बरी झालीस की घालतो की! सगळे अठरा. वर दोन जास्तीचे. आत्ता घाई कसली?"

"बरी झाल्यावर जीभ कुठून आणू?"

"अगं, डॉक्टर असंच सांगतात, आधी घाबरवून ठेवतात. आणि उद्या-परवा सगळ्या खुर्च्या भरल्यात. लोक विमानाने येतायत. त्यांना काय सांगू?"

दोन थांबे गेले. मग वहिनी म्हणाली, "माझ्यामागे भात कोण करणार?"

तिला धीर द्यायचा म्हणून, तिने काळजी करू नये म्हणून, उस्ताद पटकन बोलून गेला, "भात काय गं, भात कुणीही करेल. तू आपली बरी हो."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं बिचाऱ्याच्या. पण तोंडातून गेलं ते गेलं. वहिनीने मान खिडकीकडे वळवली ती घर येईपर्यंत परत फिरवली नाही.

रविवारी दुपारी एक वाजता शेवटची पंगत होती. त्यानंतर दुकान किती दिवस बंद राहणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. सात पाहुणे वेळेवर बसले. आठवी खुर्ची, पडद्यालगतची, रिकामी. सातव्या खुर्चीवर एक बाई होत्या, गोल टोपी घातलेल्या, उन्हाने नाक लाल झालेल्या. नवरा निवृत्त झाला म्हणून दोघं महिनाभर फिरायला निघाली होती आणि या जेवणासाठी वाट वाकडी करून आली होती.

"आमचे हे हॉटेलात पडलेत," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पोट बिघडलं हो. काल रस्त्यावर काय खाल्लं देव जाणे! चार महिने वाट बघितली आणि आज अंथरूण धरलं. उस्ताद, त्यांच्या वाटणीचं वाया घालवू नका. कुणालातरी बसवा ना या खुर्चीवर. मलाही सोबत होईल."

उस्ताद म्हणाला, "बसवायला कोण आहे बाई इथे?"

पडदा सरकला. वहिनी बाहेर आली. तिने एप्रन काढून ठेवला होता आणि हात कोरडे केले होते. काउंटरला वळसा घालून ती अलीकडे आली, आठवी खुर्ची ओढली आणि बसली.

उस्तादच्या हातातली सुरी तशीच राहिली. सात पाहुण्यांसमोर तो काय बोलणार? चेहरा मात्र लालबुंद झाला. राग होताच. पण रागापेक्षा भीती जास्त होती, आणि ती लपवायला त्याला रागच बरा वाटला. त्याने मान खाली घातली आणि मासा कापायला घेतला.

"तुम्हीपण फिरायला आलात?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं. पर्समध्ये रुमाल शोधताना, ती पडद्यामागून आली हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"हो," वहिनी म्हणाली. तिने उभ्या आयुष्यात मारलेल्या थापा मोजक्याच, त्यातली ही एक.

पहिला घास माकुळाचा. उस्तादने तो तिच्याकडे न बघताच ठेवला, उजव्या हाताकडे कललेला. वहिनीने उजव्या हाताने उचलला. बोटं जड पडली, भात चिरला, दोन शितं फळीवर सांडली. तिने ती टिपून तोंडात टाकली. दुसऱ्या घासाला तेच.

टोपीवाल्या बाई चार मिनिटं बघत होत्या. मग कानाशी येऊन म्हणाल्या, "रागावू नका हं, पण तुम्ही डाव्या आहात ना? मघापासून तुमचा डावा हात सारखा उठतोय आणि तुम्ही त्याला खाली बसवताय. खा की डाव्याने. इथे कोण बघतंय?"

वहिनी दचकलीच. शाळेत तिच्या बाईंनी तिचा डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवला होता, दोन वर्षं. वडील पट्टी मारायचे, तीही कडेने. तेव्हापासून चारचौघांत उजवा आणि एकटी असली की डावा, असा तिचा रिवाज पडून गेला होता. लग्नानंतर उस्तादने तिला भात शिकवला तोही उजव्यानेच. तो शिकवून पडद्याबाहेर गेला, आणि पहिल्याच आठवड्यात तिने उलथनं डाव्या हातात घेतलं. भात एकदम सुधारला. उस्तादला वाटलं, नवीन पिंपातलं व्हिनेगर चांगलं निघालं.

तिसरा घास वहिनीने डाव्या हाताने उचलला. तो चिरला नाही. ती उजव्या बाजूने हळूहळू चावत राहिली. जीभ पेटली होती, व्हिनेगर जखमेत उतरत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वसाबी झोंबली वाटतं," टोपीवाल्या बाई हसल्या. "माझंही तसंच झालं."

"नाही हो," वहिनी म्हणाली, "छान आहे. फार छान आहे."

आणि ते खरं होतं. आपला भात एवढा चांगला असतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. परातीतून नुसता चाखताना तो नेहमी थोडा अपुरा वाटायचा. वर बांगडा आला, उस्तादच्या तळहाताची ऊब लागली, की तो पुरा होत होता. एवढी वर्षं आपण अर्धीच गोष्ट करत होतो आणि उरलेली अर्धी फळीच्या पलीकडे होत होती, या विचाराने तिला आनंदही झाला आणि संतापही आला. चहा ओतायला आज कुणी नव्हतं. पाहुण्यांनी आपापला ओतून घेतला, कुणी कुरकुर केली नाही. सहावा, सातवा, आठवा. प्रत्येक घास उस्तादने तिच्याकडे न बघता ठेवला, आणि प्रत्येक घास चुकीच्या हाताकडे कललेला होता.

आठवा वाढून झाला. सव्वीस वर्षांच्या सवयीने उस्तादचा हात आपोआप गेला आणि सुरीची मूठ फळीवर वाजली. टक, टक.

पडद्यामागे सामसूम.

वहिनी खुर्चीवरून अर्धी उठली होती. तिचे पाय ऐकत नव्हते, ते केव्हाच पडद्याकडे वळले होते. उस्तादने त्या दुपारी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. नजरेत साफ लिहिलेलं होतं: ऊठ, जा, एवढं कालवून ये, मग बस पुन्हा.

आता कालवून यायचं म्हणजे पाव तास. भात हाती आला की उस्ताद लगेच पुढचे घास वाढणार, आणि ती हात धुऊन येईतो तिचे चुकणार. शिवाय एकदा पडद्यामागे गेली की परत बाहेर यायची हिंमत होणार नाही, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. भात बिघडला तर आठांचा बिघडेल. तिचाही बिघडेल, आणि ते भरून काढायला तिच्या जिभेला यापुढे असं जेवण नव्हतं.

ती खाली बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी जेवतेय."

उस्ताद आत गेला. शेगडीवर तिने बसण्याआधीच लावून ठेवलेला दुसरा भात शिजून तयार होता, झाकण धडधडत होतं. त्याने भात परातीत उपसला. व्हिनेगरची बाटली घेतली आणि किती ओतायचं ते त्याला कळेना. तरुणपणी त्याने स्वतःच्या उस्तादाकडे तीन वर्षं हेच केलं होतं! बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट लागलं. आंबट तर लागणारच. पुरेसं आहे का? काही सुचेना. शेवटी अंदाजाने ओतलं आणि उलथनं उचललं.

ते त्याच्या हातात बसेना.

त्याने मूठ बदलून पाहिली. लाकूड कडेला झिजून पातळ झालं होतं, पण नको त्या बाजूला. उजव्या हाताने भात कापणाऱ्याचं उलथनं कुठे झिजतं, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. हे उलट झिजलं होतं. त्याने परातीकडे बघितलं. तिचाही काठ उलट्या अंगाला घासून गुळगुळीत झाला होता. मोरीवरची घासणी डावीकडे. काड्यापेटी डावीकडे. मिठाची बरणी डावीकडे.

तो तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. भात मात्र त्याच्यासाठी थांबला नाही. वाफ धरली, व्हिनेगर तळाला उतरलं, शितं एकमेकांना चिकटली. त्याने घाईघाईने उलथनं चालवलं आणि निम्मी शितं मोडली.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. नववा घास ट्यूनाचा, अठरांतला सगळ्यात मानाचा. सातांना सात ठेवले. आठव्या खुर्चीचा वळला, तिच्यासमोर नेला, आणि ठेवताना मनगट फिरवलं. घास डाव्या हाताकडे कलला.

वहिनीने घासाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. डाव्या हाताने उचलला आणि तोंडात टाकला.

भात चिकट होता. वर कोरडा आंबट, आत अळणी. मासा बिचारा त्या गिचक्यावर पडून होता. टोपीवाल्या बाईंचा चावता चावता घास थांबला. पलीकडच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात भात दिसला.

"कसा झालाय?" उस्तादने विचारलं. पाहुण्याला असं तो कधीच विचारत नसे. त्याने हे तिलाच विचारलं होतं, सगळ्यांदेखत.

वहिनीने घास गिळला. खोटं बोलावं असं तिला वाटलं, आणि तसं वाटलं याचाच राग आला. "वाढा पुढचा," ती म्हणाली.

पुढचे नऊच्या नऊ घास ती जेवली. एक शीत टाकलं नाही. वाम होती, कोळंबी होती, शेवाळाच्या कुरकुरीत पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सगळ्यांखाली तोच बिघडलेला भात. प्रत्येक घास डाव्या हाताकडे कललेला, अगदी बिनचूक. अठरावा घास त्याने फळीवर ठेवलाच नाही, थेट तिच्या डाव्या तळहातावर दिला. तो संपला आणि तिचं खुर्चीवरचं जेवण संपलं. त्या दिवसापुरतं नव्हे, कायमचं.

पाहुणे गेले. टोपीवाल्या बाई जाताना वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पहिला भात आठवेल मला. दुसऱ्याचं काय झालं कुणास ठाऊक!" आणि हॉटेलातल्या नवऱ्याची काळजी करत टॅक्सीत बसल्या.

अडीच-पावणेतीन वाजले असतील. गल्लीत ऊन होतं. शेजारचा चाव्यावाला कानशीने किल्ली घासत होता, तो आवाज आत येत होता. उस्ताद काउंटरला वळसा घालून आला आणि सातव्या खुर्चीवर बसला. दोघं पहिल्यांदा त्या फळीच्या एकाच बाजूला बसले होते.

"तू डावी आहेस," तो म्हणाला.

"हो."

"मला कसं दिसलं नाही गं?"

तिने चहाचा रिकामा पेला बाजूला सरकवला.

त्याने खिशातून बाजाराची वही काढली, कोरं पान उघडलं, पेन्सिल जिभेला लावली. "सांग. व्हिनेगर किती घालतेस? मीठ किती? सगळं सांग, मी लिहून घेतो. बुधवारच्या आत सांग."

"माप नाही हो."

"असं कसं? अंदाज तरी असेल."

वहिनीने डाव्या हाताचं बोट तोंडात घातलं आणि जिभेच्या कडेला लावलं. जिथे जखम होती तिथेच. "इथे कळतं," ती म्हणाली. "इथे लागलं की कळतं पुरे झालं म्हणून. दुसरीकडे कुठे कळत नाही."

उस्ताद त्या बोटाकडे बघत राहिला. पेन्सिल तशीच पानावर टेकलेली. "मग मी काय करू?" त्याने वही मिटली. "मी कसा करू भात?"

ती खुर्चीवरून उठली. खुर्ची नीट आत सरकवली, फडकं घेतलं, आपल्यासमोरची फळी पुसून काढली.

"भात काय," ती म्हणाली, "कुणीही करेल."

बुधवारी ऑपरेशन झालं. महिन्याने ती घरी आली, नळी घेऊन आणि गळ्याला पट्टी बांधून. बोलणं घरच्यांनाही कळण्याजोगं उरलं नाही. दुकानाच्या दारावर कागद डकवला होता, तो पावसाने फाटून गेला, उस्तादने दुसरा लावलाच नाही. तो रोज सकाळी भात करायचा. मापाचा कप आणला, तराजू आणला, वहीत तारीख घालून आकडे लिहायचा. वाटीत भात घेऊन तिच्या बिछान्याशी बसायचा. चव गेली होती, पण नाक शाबूत होतं. वहिनी वास घ्यायची, वाटीत डोकावून शितं बघायची आणि डाव्या हाताने वाटी परत सारायची. कधी पाटीवर एखादा शब्द लिहायची. मीठ. पाणी. घाई. उस्ताद निमूट उठायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन यायचा. रागवायची त्याची प्राज्ञा नव्हती. आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी ती वाटी सारायला तिचा हात उचलायचा, यातच त्याला बरं वाटायचं.

सदतीस सकाळी गेल्या. रोग मानेत उतरला, असं डॉक्टर म्हणाला. अडतिसाव्या सकाळी उस्ताद वाटी घेऊन बसला. वहिनीने वास घेतला. वाटीत पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. हात हलला नाही.

"जमला?" उस्तादने विचारलं. त्याचा विश्वास बसेना. "अगं, जमला का?"

तिने डोळे मिटले.

उस्ताद उठला तो जवळजवळ नाचतच. वही काढली, तांदूळ किती, पाणी किती, व्हिनेगर किती, मीठ किती, हवा कशी होती, सगळं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि पानाच्या डोक्यावर मोठ्ठी खूण केली. सव्वीस वर्षांतलं तिच्याकडून मिळालेलं पहिलं शाबासकीचं पान! दुपारी सुया द्यायला येणारी नर्स आली तेव्हा तो दारातच उभा होता, तिला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं.

नर्स आत गेली, दोन मिनिटांत बाहेर आली. हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना बोलवावं लागेल. त्यांचा डावा हात गेलाय. सकाळपासूनच उचलत नसणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

उस्तादच्या लक्षात आलं नव्हतं.